दामूची अर्धी गोळी

३ नोव्हेंबर
डॉक्टरांनी दामूसाठी वही ठेवायला सांगितली. तारीख, वेळ, फिट किती मिनिटं, शेरा. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं नोंदीच ठेवल्या, मला शिकवायची गरज नव्हती. दामू म्हणजे मुग्धाचा कुत्रा, बॉर्डर कॉली, मेंढ्या हाकणाऱ्या जातीचा. पुण्यात घर बदलेपर्यंत दोन महिने ठेवून घ्या, म्हणाली. लेकीची अडचण म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला ठेवून घेतला. मला एकट्याला छान करमतं.

४ नोव्हेंबर, सकाळी ८
गोळी दिली. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, बहुतेक जन्मभर. मनाने कमी-जास्त करायची नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. एकदा पुरलं असतं.

६ नोव्हेंबर, दुपारी ४.१०
फिट. दोन मिनिटं. पाय ताठ, तोंडाला फेस. शेजारचे चंपतराव कुंपणावरून म्हणाले, चप्पल सुंगव ना गा त्याले, काय पाहून राहिला? मी असलं काही मानत नाही. डावी चप्पल फक्त नाकाजवळ ठेवली होती. तासाभराने, पूर्ण शुद्धीवर आल्यावर, दामूने ती चावून टाकली. शेरा: उपाय निरुपयोगी. नवी चप्पल घेणे.

१२ नोव्हेंबर
फिट नाही. पण गोळीने दिवसभर झोप. आधी मेंढ्या नाहीत म्हणून मला हाकायचा. संध्याकाळी सहा वाजले की गेटपासून पोटरीला नाक लावत लावत थेट स्वयंपाकघरात, खुर्चीवर बसेपर्यंत सोडायचा नाही. फार त्रास. आता हाक मारली तर एक डोळा उघडतो. आज चार वेळा मारली. काम काही नव्हतं.

१५ नोव्हेंबर
विचारांती ठरवलं, डोस जास्त होतोय. उद्यापासून अर्धी गोळी. निर्णय पूर्णपणे शास्त्रीय. डॉक्टर कामात असतील म्हणून फोन केला नाही. शेरा:

१९ नोव्हेंबर
प्रयोग यशस्वी. मला दोनदा हाकलं. चंपतराव पेपर परत द्यायला आले, त्यांनाही वळवून स्वयंपाकघरात आणलं. मग चहा करावा लागला. पाऊण तास बसले. जाताना म्हणाले, तू काहून बोलावत नाही गा कधी? मला वेळ नसतो, म्हटलं.
मुग्धाचा फोन. गोळ्या नियमित ना, बाबा? नियमित, म्हटलं. अर्धी असली तरी नियमितच.

२३ नोव्हेंबर
सकाळी ७.२० फिट, तीन मिनिटं. ७.५५ पुन्हा. ८.३० पुन्हा. पुढची मिनिटं लिहिली नाहीत. चंपतराव ऑटो घेऊन आले. दामू माझ्या मांडीवर होता आणि मला ओळखत नव्हता. मी खूप घाबरलो.

२४ नोव्हेंबर
दामू वाचला. रक्तात औषध कमी निघालं. डॉक्टर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. गोळी का कमी केली, एवढंच विचारलं. दामूचं वजन उतरल्यासारखं वाटलं, म्हणालो. त्यांनी काट्यावर उभा केला. दीड किलो वाढलंय.

२८ नोव्हेंबर
मुग्धा गाडी घेऊन आली, दामूला घेऊन गेली. नाहीतरी दोन महिने होतच आले होते. बाबा, तुम्हीही चला ना, म्हणाली. घरात कामं आहेत, म्हटलं. पुण्याच्या डॉक्टरांसाठी वही मागितली. सापडत नाही, म्हटलं. उशीखाली होती.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ७
मुग्धाचा फोन. पूर्ण गोळी सुरू आहे, फिट नाही, खूप झोपतो. झोपू दे, म्हटलं.
वही सापडली असं तिला सांगितलं. उद्या स्पीड पोस्टने पाठवणे. त्याआधी चाळली तर पंधरा तारखेचा शेरा कोराच राहिलेला. अपुरी नोंद मी आजवर पुढे पाठवलेली नाही. भरतो.
शेरा: तो झोपायचा आणि मला करमायचं नाही.
सहाला गेटपाशी जाऊन उभा राहिलो होतो. थोडा वेळ थांबलो. मग आपणहून स्वयंपाकघरात आलो आणि खुर्चीवर बसलो.