पिकअपला सलाइन

सोमवार, ३ फेब्रुवारी

पिकअप पन्नासच्या पुढे गेली की मागून गुणगुणते. कृपाने आज विचारलं, तुम्हाला ऐकू येतं का. मला ते दिवाळीपासून ऐकू येतंय. फुलांवरच्या माश्या असतील असं समजत होतो. तसं बोललो नाही. म्हणालो, डिफरन्शियलचं ऑइल बदलायला झालंय. म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. त्याच्या आत दातेरी चाकं ऑइलमध्ये फिरतात. फक्रुद्दीन मेकॅनिक त्याला क्राउन म्हणतो. मी डिफरन्शियल म्हणतो.

पुढच्या बुधवारी संध्याकाळपर्यंत कृपाचा झेंडू आणि शेवंती शिर्डीच्या हॉटेलात पोहोचायला हवी. गुरुवारची सजावट. माल वेळेवर गेला तर दर आठवड्याचं काम तिला. आमचं लग्न झाल्यापासून तिने फुलं आडत्याकडे टाकली. थेट ऑर्डर पहिल्यांदाच.

ती म्हणाली, गाडी फक्रुद्दीनकडे टाका. मी म्हणालो, सुप्याच्या एमआयडीसीत रिटायर होईपर्यंत स्टोअर सांभाळलं. ऑइलचा प्रत्येक ड्रम माझ्या सहीने बाहेर पडायचा. ती म्हणाली, सहीच करायचात ना?

निश्चय: ऑइल मी बदलणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फक्रुद्दीनकडून नव्वद नंबरचं ऑइल आणलं. तो म्हणाला, जॉर्जभाऊ, गाडी सकाळी सोडा, दुपारी घेऊन जा, चहा माझ्याकडून. चहा घेतला. गाडी सोडली नाही.

रात्री जेवताना मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. प्रस्तावना फार लांब. ती वगळली. जिथून पाना फिरतो तिथून पाहिला. खालचा बोल्ट काढायचा, जुनं ऑइल गळू द्यायचं, बोल्ट परत लावायचा. मग वरच्या बोल्टच्या भोकातून नवीन भरायचं. यात शिकण्यासारखं काही नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पाना सापडला नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पाना सापडला. कमरेत लचक वाटते. उद्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी. दुपारी

खालचा बोल्ट पहिल्या झटक्यात निघाला. ऑइल घमेल्यात घेतलं. काळं, कुजलेल्या अंड्यांचा वास. छबूबाई शेवंती खुडायला आली होती. नाकाला पदर लावून म्हणाली, दादा, आत काय मेलं हुतं का? कृपा म्हणाली, ते घमेलं फुलांचं होतं. होतं खरं.

बोल्ट परत लावला. घट्ट.

पाळकसाहेब रस्त्याने चालले होते. सलाम केला. त्यांनी विचारलं, झालं का काम? झालं म्हणालो. निम्मं झालं होतं. पाळकसाहेबांना तपशिलात नेण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी

वरचा बोल्ट निघत नाही. पाना लावला. पान्याला पाइप लावला. पाइपावर उभा राहिलो. पाना घसरला, मीही. बोल्टचे कोपरे गेले. आता तो गोल आहे.

व्हिडिओची प्रस्तावना पाहिली. तिचा सारांश असा: आधी वरचा बोल्ट निघतो का बघा, मगच खालच्याला हात लावा. इतकी महत्त्वाची गोष्ट प्रस्तावनेत घालतात हा त्या माणसाचा दोष.

आता आत ऑइलचा थेंब नाही आणि भरायला वाट नाही. परंतु उद्या रविवार. रविवारी आमच्या घरात हत्याराला हात लावत नाहीत. वडिलांचा नियम. मी तो नेहमीच पाळतो. आज मनापासून पाळावासा वाटतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

उपासनेनंतर मंडळीचं प्रीतिभोजन होतं. पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. शेवटची सूचना: भांडी आणि खुर्च्या नगरहून आणायच्या आहेत, बंधू जॉर्ज यांनी गाडी कालच स्वतःच्या हातांनी नीट केली आहे, ते ती देतील. सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. पुढच्या बाकावरची म्हातारी माणसंसुद्धा.

मी उभा राहिलो. हात जोडले.

किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्यालाच असते. मंडळीतल्या कोणालाही ती माहीत आहे. कृपाचा भाऊ जस्टिन आशीर्वाद संपायच्या आत निघाला होता. गाडी चर्चवरून जाताना आवाज आला तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. आशीर्वाद चालू असताना पळत सुटणं बरं दिसत नाही.

गाडी गेली आणि आली. भरून आली. जस्टिन म्हणाला, दाजी, तुमचं ते गुणगुणणं गेलं बघा. आता घरघर होते.

म्हणजे फरक पडला. मटण चांगलं होतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

उपाय सापडला. डिफरन्शियलच्या डोक्यावर हवा जायला एक बारीक नळी असते. जिथून हवा जाते तिथून ऑइलही जाणार. गाय आजारी होती तेव्हाचा सलाइनचा सेट गोठ्यात लटकत होता. सुई काढली. ऑइलची बाटली शेवग्याच्या फांदीला उलटी टांगली. थेंब पडू लागले. ऑइल दाट, त्यामुळे सावकाश. घाई कोणाला आहे?

येणारेजाणारे थांबतात. छबूबाई म्हणाली, लई अशक्तपना आलाय वाटतं गाडीला, फळंबिळं आनू का?

कृपा बराच वेळ बघत उभी होती. एवढंच विचारलं, काल जस्टिनने गाडी नेली तेव्हा आत ऑइल होतं? मी म्हणालो, भिंतींना लागलेलं असणार. ती आत जाऊन फोनवर बोलत बसली. हॉटेलशी असावी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाटल्या संपल्या. म्हणजे ऑइल आत गेलं. थोडं खाली मातीत दिसतं. सकाळी पाहिलं त्यापेक्षा आता जरा जास्त दिसतं. वरचा बोल्ट बंद असल्यामुळे आतली पातळी बघता येत नाही. कमी आहे असंही कोणी सिद्ध करू शकत नाही.

निश्चय: यापुढे गाडीचं सगळं काम घरी.

बुधवार, १२ फेब्रुवारी. दुपारी

कृपाने सुतळी आणायला मला सुप्याला पाठवलं. घरात सुतळी होती असं मला वाटत होतं. परत आलो तर तिने आणि छबूबाईने क्रेट भरून गाडीत रचले होते. वर ओलं कापड. मला उचलूही दिलं नाही. म्हणाली, कंबर सांभाळा. जस्टिन मदतीला यायचा होता, आला नाही. आजकालच्या पोरांचं असंच.

तिने डबा दिला. शिर्डी तीन तासांवर, पण डबा दोन वेळचा आहे. शिवाय शाल आणि टॉर्च. बायकांची काळजी. मी म्हणालो, रात्री जेवायला घरीच आहे. ती म्हणाली, असू द्या, अहो.

त्याच दिवशी, राहुरीच्या अलीकडे

मागून कडाड असा आवाज झाला. त्यानंतर घरघर पूर्ण थांबली. इंजिन चालू आहे. गिअर पडतो. गाडी पुढे जात नाही, मागेही जात नाही.

फुलं दुसऱ्या गाडीत घालावीत म्हणून एका टेम्पोला हात केला. ड्रायव्हर भला माणूस, मदतीला उतरला. पहिला क्रेट उचलला आणि माझ्याकडे बघू लागला. वरच्या थरात झेंडू होता. त्याखालचे सगळे क्रेट रिकामे. तो म्हणाला, काका, हवा घेऊन चाललाय का? निघून गेला.

कृपाला फोन लावला. ती म्हणाली, माल पोहोचला. मी सुप्याला गेलो तेव्हाच जस्टिन तो फक्रुद्दीनच्या टेम्पोतून घेऊन निघाला होता. सोमवारीच ठरलं होतं. हॉटेलवाल्यांना शेवंती आवडली. दर आठवड्याचं नक्की झालं.

मी विचारलं, मग मला कशाला पाठवलंस?

ती म्हणाली, जाऊ नका म्हटलं असतं तर ऐकलं असतंत? आणि घरी ठेवून घेतलं असतं तर तुम्ही टेम्पोचंही ऑइल बदललं असतंत.

हे अंदाजाने बोलणं झालं. टेम्पोचा वरचा बोल्ट मी आधी काढला असता.

फक्रुद्दीन सकाळी येतो म्हणालाय. गाडी ओढून न्यायला. डब्यातलं दुपारचं खाल्लं. रात्रीचं उघडतोय, मेथी आहे. शाल उबदार आहे.

नोंद म्हणून: गाडीचं तोंड अजून शिर्डीकडेच आहे.