मोडनिंब वगळून

सोलापूर,
ता. १८ मार्च १९७३

दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. आबा आणि आई गावीच आहेत. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. तिथे मिळणाऱ्या सुकडीतली थोडी कुणाबरोबर तरी मला पाठवते, म्हणजे तिच्या मते उपाशी मी आहे. शाळा ठीक चालली आहे. नववीच्या मुलींना भूमिती अजून शत्रूसारखी वाटते.

आता कामाचं. आमच्या शाळेच्या मंडळावर विरुपाक्षशेठ म्हणून कापडाचे व्यापारी आहेत. त्यांनी आणखी काही व्यापाऱ्यांना घेऊन जनावरांसाठी चारा समिती काढली आहे. माढा आणि करमाळा भागातली नव्वदेक गावं अंगावर घेतलीत. माळशिरसकडून उसाचं वाढं ट्रकनं यायचं आहे. पण ट्रक आणि माणसं पाहता छावण्या चौदाच निघतील. त्या कुठे काढायच्या, हा प्रश्न. अट एकच, की कुठल्याही गावच्या जनावराला दोन कोसांहून जास्त चालावं लागू नये. सध्या त्याहून पुढे गेलं की जनावर वाटेतच बसतं.

शेठ म्हणाले, "बाई, तुम्ही गणिताच्या. एवढी चौदा गावं काढून द्या." मी हो म्हणाले. मला वाटलं, फार तर दोन संध्याकाळचं काम.

तू पत्रांतून शिकवलंस तसंच केलं. प्रत्येक गाव म्हणजे एक ठिपका. दोन कोसांच्या आतली गावं एकमेकांना रेघेनं जोडली. आता चौदा ठिपके असे निवडायचे, की उरलेला प्रत्येक ठिपका त्यांतल्या एखाद्याला तरी जोडलेला असेल. सगळ्यांत जास्त रेघा मोडनिंबला येतात, म्हणून पहिली छावणी मोडनिंब. मग उरलेल्यांत ज्याला जास्त रेघा, ते गाव. असं करत गेलं की पंधरा होतात. दुसरी छावणी बदलून पाहिली, तरी पंधरा. एकदा सोळा झाल्या.

तू काम करतोस तिथल्या कॉम्प्युटरला विचारून बघशील का? नकाशा सोबत आहे. चौदांत बसतच नाही, असं तरी मला शेठना ठामपणे सांगता यायला हवं, आणि तेही येत नाही. मुळात बसत नाही, की मला बसवता येत नाही? डोकं चालेनासं झालं आहे.

तुझी सारजा


सोलापूर,
ता. ९ एप्रिल १९७३

दादा,

तुझं उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. निम्मं कळलं.

चौदा-चौदा गावांचे सगळे गट एकेक करून तपासायचे तर तुमचं मशीन माणसाच्या साऱ्या इतिहासाहून जास्त काळ चालेल, हे समजलं. पुढे लिहितोस की गेल्या वर्षी अमेरिकेत एक लेख आला, त्यात असले पुष्कळ अवघड प्रश्न एकाच जातीचे आहेत असं दाखवलंय. त्यांतल्या एकाची झटपट रीत सापडली तर सगळ्यांची सापडेल. आजवर एकाचीही सापडली नाही, आणि तशी रीत नाहीच असंही कुणाला सिद्ध करता आलं नाही. "तेव्हा तुला जमलं नाही यात तुझा कमीपणा नाही," असं तू लिहिलंस. ते वाचून बरं वाटलं. पण हे शेठना कसं सांगायचं?

सांगून पाहिलं. म्हटलं, चौदा गावं अशी आहेत की नाहीत, हे पटकन ओळखायची रीत मोठमोठ्यांना ठाऊक नाही. ते म्हणाले, "मोठमोठ्यांना मोडनिंब ठाऊक आहे का?" मग समजुतीनं म्हणाले, "बाई, जनावरं थांबायची नाहीत. चौदांत जेवढी गावं बसतील तेवढी बसवा आणि द्या."

दिली. तीन गावं बाहेर राहिली. कुठली तीन बाहेर ठेवायची याला थोडी मोकळीक होती, तेव्हा ज्यांत जनावरं सगळ्यांत कमी ती ठेवली. यादी शेठच्या हातात देताना माझा हात अडला नाही.

त्या तिनांत आपलं गाव आहे.

परवा आबा आले होते. दारातच चपला काढून बसले, आत यायला तयार नाहीत.

"बाई, आपलं गाव न्हाय धरलंस व्हय?"

"बसत नव्हतं, आबा."

"बसत न्हवतं म्हंजी?"

मी नकाशा काढला. रेघा दाखवल्या, दोन कोस समजावले. त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्ये आपलं गाव? लई बारीक काडलंस की." आणि हसले. मग चहा घेतला. निघताना म्हणाले, "केमच्या छावणीला नेतो शिंग्या बैलाला, हळूहळू. चार कोस तर हाय."

चार कोस. मी नकाशा गुंडाळून ठेवला.

सारजा


सोलापूर,
ता. १७ ऑक्टोबर १९७३

दादा,

खूप दिवसांनी लिहिते आहे. पाऊसपाणी बरं झालं, छावण्या उठल्या. घरमालकिणीच्या मागावर पुन्हा सूत चढलं, त्यामुळे दिवसभर खटखट चालू असते, आणि ती ऐकून बरंही वाटतं. नववीतली एक मुलगी भूमितीत पहिली आली. तिनं मला गजरा आणून दिला.

शिंग्याचं तुला आबांनी कुणाकडून तरी लिहवून कळवलं होतं. त्यात पुरतं नसणार. केमच्या वाटेवर ओढ्याच्या कोरड्या पात्रात तो बसला तो उठलाच नाही. आबा दिवसभर त्याच्या तोंडावर पंच्याची सावली धरून बसले होते. आई शोधत गेली तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसरा बैल त्यांनी मामाकडे पाठवून दिला. एकट्याला बघवत नाही म्हणाले. यंदाची पेरणी दुसऱ्याच्या बैलांनी केली. शेजारच्या वाडीतल्या गोजरबाई तुला आठवत असतील. वाडीही त्या तिनांतलीच. त्यांची गाय गेली. त्या पोरांना घेऊन पुण्याला बांधकामावर गेल्या, अजून आलेल्या नाहीत.

आई सांगत होती, चावडीवर कुणी तरी म्हणालं, पोरगी शिकून काय उपेग, घरच्या बैलाला चारा मिळाला न्हाय. तर आबा त्याच्यावर उखडले. म्हणाले, "घरचं हाय म्हून तिनं हिसाब वाकवला न्हाय. हिसाबात बसलं न्हाय, त्याला ती काय करंल?" आता तो माणूससुद्धा माझं कौतुक सांगत फिरतो. गावी गेले की बायका मुलींना माझ्या पाया पडायला लावतात.

हे सगळं लिहिते आहे आणि जे लिहायचं ते राहतंय.

जुलैच्या पत्रात तू सहज एक ओळ लिहिली होतीस. जास्त रेघांच्या ठिपक्यापासून सुरू करण्यापेक्षा, ज्याला सगळ्यांत कमी रेघा त्याच्यापासून करून बघ. त्याला सोय लावणारी गावंच मोजकी, म्हणून तिथे चुकायला वाव कमी. तेव्हा छावण्या उठायला आल्या होत्या. मी ते पत्र ठेवून दिलं.

दादा, सगळ्यांत कमी रेघा आपल्या गावाला आहेत. दोनच. हे मला मार्चमध्येही दिसत होतं. पण तिथून सुरुवात केली असती तर लोक म्हणाले असते, बाईंनी आधी आपलं घर धरलं. म्हणून दर वेळी मी आपलं गाव शेवटी घ्यायचे. शेवटी घेतलं की ते उरायचं.

गेल्या आठवड्यात सहामाहीच्या परीक्षेला वर्गावर देखरेख करत होते. मुली मान खाली घालून लिहीत होत्या. वेळ जात नव्हता म्हणून कागद घेतला आणि पहिल्यांदाच आपल्या गावापासून सुरू केलं. छावणी गोजरबाईंच्या वाडीत टाकली. मग त्याच्या खालोखाल अडचणीचं गाव घेतलं, मग त्याच्या खालचं. जाता जाता मोडनिंबच्या भोवतालची गावं एकेक करून दुसऱ्याच छावण्यांच्या पदरात पडत गेली. मोडनिंबही पडलं. तिथे छावणीची गरजच उरली नाही. आणि मी दर वेळी सगळ्यांत आधी तेच लिहीत होते.

मोजलं. चौदा. एकही गाव बाहेर नाही.

शोधायला एवढे महिने गेले, आणि तपासायला पेपर संपायची घंटाही व्हावी लागली नाही. गाव बघायचं, रेघ बघायची, पुढे जायचं. नववीतली कुठलीही मुलगी तपासू शकेल. इतकं सोपं उत्तर सापडायला इतकं अवघड का असावं, हे तुमच्या त्या लेखात कुठे लिहिलंय का? मला खरंच समजत नाही.

शेठना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं पाहिलं. "छान. पुढच्या दुष्काळाला उपयोगी पडेल," म्हणाले, आणि कागद कपाटात ठेवला. ते टोचून बोलले नाहीत, मनापासून म्हणाले. मला मात्र तिथे उभं राहवेना.

तू लिहिलं होतंस, तुझा कमीपणा नाही. ते वाक्य अजून खरं आहे का? चौदा नसत्याच, तर जे झालं ते कुणाच्याच माथी नव्हतं. पण त्या होत्या. पहिल्या दिवसापासून नकाशातच होत्या. कुणाला सापडतीलच असं नव्हतं, हेही खरं. मग शिंग्या कशानं गेला म्हणू? एकदा वाटतं, माझ्यामुळे. एकदा वाटतं, एवढा मोठेपणा मी स्वतःकडे का घेते? दोन्ही विचार एकाच वेळी बरोबर वाटतात.

दिवाळीला गावी जायचं आहे. आबा चावडीवर पुन्हा तेच बोलतील आणि मी शेजारी उभी असेन. त्यांना सांगितलं तर त्यांच्याजवळ बैलाच्या बदल्यात जे एक उरलंय तेही जाईल. नाही सांगितलं तर दर खेपेला ते खोटं माझ्या वतीनं बोलत राहतील. कागद पिशवीत घातला आहे. काढेन की नाही, ते केमच्या स्टेशनावर उतरेपर्यंत तरी ठरणार नाही.

नव्या नकाशाची नक्कल तुला पाठवते आहे. चौदा ठिपक्यांभोवती वर्तुळं केलीत. एखादं गाव सुटलंय का, एखादी रेघ दोन कोसांहून लांब आहे का, नीट बघ. मशीन नको, तूच बघ. जन्मभर मुलींना उत्तर बरोबर यावं म्हणून शिकवत आले, आणि हे एक मात्र चुकलेलं निघावं असं वाटतंय.

चूक सापडली तर तार कर. नाही सापडली तर घाईनं काही लिहू नकोस.

तुझ्या तारेकडे डोळे लावून बसलेली,
सारजा