चंपीचं अंडं

गुरुवार, संध्याकाळ

चंपी म्हातारी झाली, अंडी बंद. "नुसती कणी खाते. रविवारी रस्सा कर," हे म्हणाले, तेव्हापासून मी रोज दुसऱ्या कोंबडीचं अंडं गुपचूप तिच्या टोपलीत ठेवते. खोटेपणाच. पण पदर ओढून कणी मागणारीला कापू कशी?

आज कैनाडच्या शाळेत लवकर जायचं होतं, अंडं ठेवायचं राहूनच गेलं. दिवसभर जीव टांगणीला. घरी आले तर हेच टोपली घेऊन दारात.

"बघ, घातलं तुझ्या चंपीने!"

अंडं पांढरंशुभ्र होतं, दुकानातलं. आमच्या गावठी कोंबड्यांचं इतकं पांढरं कधीच नसतं. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं? कधीपासून?

"उद्यापासून तिची कणी वाढवते," मी म्हटलं.

"वाढव," हे म्हणाले, माझ्याकडे न बघता.