मुद्दा सतरा, आत्मविश्वास

२ फेब्रुवारी, सोमवार

नवी बॅच वॉर्डात आली. नर्सिंगच्या बारा मुली. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, दोन आठवड्यांचं पोस्टिंग, शेवटी माझं मूल्यमापन.

संकल्प: यंदा पाहिल्याशिवाय सही नाही. आजवरची पद्धत म्हणजे शेवटच्या दिवशी बारा लॉगबुकं टेबलावर, शेजारी चहा, आणि सह्यांचा धडाका. मुलीने खरंच बीपी घेतलं का, हे तिलाच ठाऊक. सगळे क्लिनिकल इन्स्ट्रक्टर हेच करतात. मीही सव्वीस वर्षं केलं. आता बास.

स्वतः तक्ता तयार केलाय. अडतीस मुद्दे, प्रत्येकी दहा गुण. मुद्दा सतरा, आत्मविश्वास, हा माझा खास. त्यात शून्य म्हणजे सरळ नापास. प्रिन्सिपल मॅडमना दाखवला. बघू या, असं म्हणाल्या. त्यांच्या भाषेत ही शाबासकीच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वॉर्डात जाणारच होतो. तक्त्याच्या झेरॉक्समध्ये उजवी बाजू कापली गेली, नेमका गुणांचा रकाना. पुन्हा काढेपर्यंत साडेबारा. उद्यापासून नक्की.

या बॅचच्या मुली तोंडातल्या तोंडात बोलतात. मागच्या बॅचच्याही बोलायच्या. त्याआधीच्याही. पिढीच तशी. मुद्दा एकोणचाळीस वाढवला: स्पष्ट उच्चार.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. मी हो म्हणालो. ती बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिली. तिने विचारलं होतं, चहा की कॉफी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज घबाड सापडलं. प्रॅक्टिकल हॉलच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, शिकवण्याचा जोड-स्टेथोस्कोप. पेशंटकडे एकच चकती, पण कानात घालायच्या जोड्या दोन. एक मुलीच्या कानात, एक माझ्या. जे तिला ऐकू येईल तेच मला. थाप मारायला जागाच नाही. असं शास्त्रशुद्ध मूल्यमापन या कॉलेजात कधी झालं नसेल.

नळी सांध्यापाशी चिरलेली होती. स्टोअरवाला म्हणाला, तीन प्रतींत मागणी करा, महिनाभरात नवीन येईल. त्याच्या नादी कोण लागतो. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणलं, सांधा आतून-बाहेरून चोपडला, वरून चिकटपट्टी गुंडाळली. अर्धी ट्यूब संपली, पण काम पक्कं.

वाळल्यावर स्वतःच्या छातीला लावून पाहिला. घरघर नाही, खरखर नाही. हृदय अगदी शांत. या वयात असं हृदय किती जणांचं असेल?

६ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १.१०

वॉर्डात गेलो. दहा मिनिटं. माझ्या येण्याने वॉर्डाला शिस्त लागली आहे, एवढी शांतता पूर्वी नसायची.

इन्चार्ज सिस्टरने मात्र डोकं खाल्लं. टेबलावरचा फोन माझ्या कोपराशी वाजत होता म्हणे, मी उचलला नाही. मी म्हटलं, फोन उचलणं माझ्या कामात बसत नाही. मग तिने कागदावर काहीतरी खरडून दिलं. कानाच्या विभागाची चिठ्ठी. सर, एकदा दाखवून या, हे तिसऱ्यांदा सांगतेय, असं म्हणाली. आधी दोनदा कधी सांगितलं कुणास ठाऊक. चिठ्ठी तक्त्यांच्या फायलीत खूण म्हणून ठेवली. उपयोगी पडली.

९ फेब्रुवारी, सोमवार

बायको आताशा बोलत नाही. फ्रिजवर चिठ्ठ्या लावते. गॅस संपला. तुझ्या बहिणीचा फोन होता. सव्वीस वर्षं मी मुलींना सांगतोय, सगळं लेखी ठेवा. उशिरा का होईना, घरात पटलं.

वरच्या मजल्यावरचं बाळ रात्रभर रडतं, अशी सगळ्या बिल्डिंगची तक्रार आहे. मी गाढ झोपतो.

खरं सांगायचं तर गेलं वर्षभर मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. राग येत नाही, हुरूप येत नाही. लोक हसतात, मीही हसतो, कशावर ते नंतर कळतं किंवा कळत नाही. काचेपलीकडे बाजार भरावा आणि आपण अलीकडे बसून राहावं, तसं. याला परिपक्वता म्हणत असावेत.

उद्यापासून रोज दोन तास पलंगाजवळ.

११ फेब्रुवारी, बुधवार

काल मीटिंग. आज गुडघा. हरकत नाही. सगळं उद्या एका दिवसात पाहीन, तेही जास्त कसून.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ३.००

मूल्यमापन पार पडलं. इतका सुरळीत दिवस नोकरीत आठवत नाही.

पेशंट सात नंबरच्या पलंगावरचे आजोबा. घड्याळं दुरुस्त करायचे. तापासाठी आलेत, माणूस गोड. बारा वेळा दंडाला पट्टा आवळून घेतला, कुरकुर नाही. मधून मधून माझ्याशी काहीतरी बोलत होते. मी खांद्यावर थोपटून छान, छान म्हणत होतो. पेशंटशी संवाद हा मुद्दा नऊ आहे, मुलींनी बघून शिकावं.

रोल नंबर एक ते अकरा. माझ्या कानात एक जोडी, मुलीच्या कानात एक. पट्टा फुगवायचा, हळूहळू सोडायचा, ठोके ऐकायचे, आकडा सांगायचा. एकीने सांगितला एकशे तीस, ऐंशी. दुसरीने तोच. तिसरीने तोच. पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यातही सकाळचा आकडा तोच होता, त्यामुळे मला ताळा लगेच मिळत होता. प्रत्येकीला मान हलवून दाद दिली. फक्त सातवी एकशे बत्तीस म्हणाली. तिचा अर्धा गुण कापला. अकरा मुली, एक आकडा. शिकवणं यालाच म्हणतात.

मग रोल नंबर बारा. हिच्या लॉगबुकात अख्ख्या पोस्टिंगमध्ये जेमतेम चौदा नोंदी. बाकीच्यांच्या साठ-साठ. विचारलं तेव्हा म्हणाली होती, जेवढं केलं तेवढंच लिहिलंय. तेव्हाच ओळखलं, ही मागे पडणार.

हिने पट्टा फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. चकतीवर टिचकी मारली. तिसऱ्यांदा फुगवला. मग कानातून काढून म्हणाली, सर, ऐकू येत नाही. मी विचारलं, काय ऐकू येत नाही? म्हणाली, काहीच नाही. वर मलाच विचारलं, तुम्हाला येतंय का?

बाकीच्या अकराजणी खाली बघायला लागल्या. मी शांतपणे सांगितलं, एकशे तीस, ऐंशी. अगदी स्वच्छ.

मुद्दा सतरा: शून्य. नापास. बुधवारी निकाल बोर्डाकडे जाईल, बाकीच्या पुढे, ही सहा महिने मागे. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला काही वाटलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फालतू गोष्टीचा गवगवा झाला आहे.

काल माझी पाठ वळल्यावर रोल नंबर बारा ड्यूटी रूममधून दुसरा स्टेथोस्कोप घेऊन आजोबांकडे गेली. परवानगी न घेता. तिला मिळालं एकशे शहाण्णव, एकशे बारा. धावत सिस्टरकडे. सिस्टरने पाहिलं, तेच. डॉक्टर आले, तोवर आजोबांची जीभ जड व्हायला लागली होती. औषध वेळेत गेलं. आता बरे आहेत. तासभर उशीर झाला असता तर अंगाची एक बाजू गेली असती, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

दोन पानी खुलासा लिहिला. मुद्दे असे: बीपी वरखाली होतंच. बाराव्या मुलीने तीनदा पट्टा आवळल्यामुळे आजोबांना टेन्शन आलं असावं. वॉर्डात पंखा बंद होता.

सिस्टर म्हणते, आजोबांनी तुम्हाला चार वेळा सांगितलं, डोकं फुटतंय. तुम्ही छान, छान म्हणालात.

 

१४ फेब्रुवारी, शनिवार

प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये. सिस्टरने जोड-स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला आणि सांध्यापाशी कात्रीने नळी कापली. आत सोल्युशनचा गोळा. वाळून टणक. हवासुद्धा जायला जागा नाही. माझं काम पक्कं असतं, हे मी आधीच लिहिलंय.

मॅडमनी विचारलं, बारा वेळा तुम्ही काय ऐकलंत?

मी म्हटलं, अनुभवाने अंदाज येतो.

अकराजणींना बोलावलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. ठोका एकही आला नाही, पण सर मान हलवत होते, म्हणून वाटलं आपल्याच कानात दोष. मग पायथ्याचा आकडा वाचला. सातवीने दोन वाढवले, कारण तोच तोच आकडा बरा दिसत नव्हता. अकराजणींची परीक्षा सोमवारी सिस्टर नव्याने घेणार. बाराची गरज नाही, तिची झाली, असं मॅडम म्हणाल्या. फक्त तिचं शून्य मीच खोडायचं, कारण तक्त्यावर सही माझी. बुधवारच्या आत. आणि त्याआधी कान तपासून घ्यायचे. हे शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्याने आणि सावकाश म्हटलं, लहान मुलाला सांगतात तसं.

मी बाणेदारपणे सांगितलं, माझ्या कानाचा रिपोर्ट येऊ द्या. कान चांगले निघाले तर शून्य राहील. कान चांगलेच आहेत. मंगळवारची वेळ घेतली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.३०

सव्वीस वर्षं परीक्षा घेतोय. परीक्षा कशी द्यायची ते मला कुणी शिकवायला नको. मुख्य गोष्ट आत्मविश्वास.

१७ फेब्रुवारी, दुपारी ४.००

छोटी खोली. जाड दार, भिंतींना फोम, एक खुर्ची. तपासणारी आमच्या मुलींच्याच वयाची. तिने कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं, खुणेने दाखवलं, आवाज आला की दाबा. दार लावून काचेपलीकडे जाऊन बसली.

मी लगेच सुरुवात केली. एकदा. थोडं थांबून दुसऱ्यांदा. ठरावीक अंतराने दाबलं. मग वाटलं, फार ठरावीक बरं दिसत नाही, म्हणून मध्येच दोनदा लागोपाठ दाबलं. नऊ वेळा झालं. काचेतून ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

ती उठून आत आली. हेडफोनची एक बाजू उचलून काहीतरी बोलली. मी हो म्हणालो. मग तिने खिशातून पेन काढून कागदावर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

काका, मशीन अजून सुरूच केलेलं नाही.

ती परत जाऊन बसली. या वेळी ती बटणं फिरवताना दिसली. मी बसून राहिलो. बराच वेळ. अंगठा बटणावर होता. ती फिरवत होती, माझ्याकडे बघत होती, पुन्हा फिरवत होती. आजोबा, त्यांचं फुटणारं डोकं, माझं छान छान. लाज वाटली. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तर ते हे.

शेवटी मी मोठ्याने म्हणालो, ऐकू येत नाही.

तिने मान डोलावून लिहून घेतलं. तिच्या दृष्टीने हे पहिलं बरोबर उत्तर असावं.

बाहेर बाकावर बसून फाईल उघडली. रोल नंबर बाराचा तक्ता काढला. मुद्दा सतरामधलं शून्य खोडलं, दहा लिहिले, खाली सही केली. ऑफिसात देऊन आलो. ती आता दुसऱ्या वॉर्डात होती. भेटलो नाही. काय म्हणाली असती ते ऐकू आलं नसतं.

घरी आलो. बायको स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. होकार ओठांवर आला होता. गिळला. आत जाऊन सांगितलं, ऐकू आलं नाही, परत सांग. ती जवळ आली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, चहा की कॉफी?

म्हटलं, कॉफी.

कॉफी संपून आठवडा झाला, फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, असं म्हणाली. चहा घेतला.