जावयाचं आडनाव

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार
प्रितीचा जकार्ताहून फोन. चंपाच्या पहिल्या स्मृतिदिनाला, २३ नोव्हेंबरला, तिघं येतायत. माझी मुलगी, जावई विबोवो आणि दहा महिन्यांची किराना. मागल्या वर्षी चंपा गेली तेव्हा प्रितीला आठवा महिना होता, डॉक्टरने विमानात बसू दिलं नाही. म्हणजे तिने हे घर आईशिवाय अजून बघितलेलं नाही. आणि मी नातीला मोबाइलच्या बाहेर बघितलेलं नाही.

प्रितीचा पासपोर्ट आपला, तिचा प्रश्न नाही. जावई आणि नात इंडोनेशियन, त्यांना भारताचा ई-व्हिसा लागणार. प्रिती म्हणाली, मी भरते अर्ध्या तासात. म्हटलं, खबरदार. गोदीच्या ऑफिसात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलंय. फॉर्म हा माझा विषय. ती म्हणाली, बरं पप्पा, तुम्हीच भरा.

संकल्प: आठ दिवसांत व्हिसा हातात. चंपाचं कपाट रिकामं करणे, नातीच्या कपड्यांसाठी. साखर बंद.

मी ठीक आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी ६
आधी अभ्यास. नवी वही काढली. पहिल्या पानावर तक्ता: इंडोनेशियन माणसाला कुठे व्हिसा लागतो, कुठे नाही. सिंगापूर, मलेशिया, थायलंड: नको. जपान: चिपवाल्या पासपोर्टची आधी नोंदणी केली तर नको. ऑस्ट्रेलिया: लागतो. भारत: लागतो, ऑनलाइन. लाल शाईने चौकटी मारल्या. चार तास गेले, कळले नाहीत.

तक्त्याचा फोटो विबोवोला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. प्रितीने लिहिलं, पप्पा, त्याला फक्त मुंबईला यायचंय. असू दे. माहिती वाया जात नाही.

कपाट उद्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
अजित आला होता. थोरल्या भावाचा मुलगा, आमच्याच टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहतो, दादरला ट्रॅव्हल ऑफिसात आहे. म्हणाला, काका, द्या इकडे, जेवायच्या सुट्टीत भरून टाकतो. नाही म्हटलं. तर म्हणतो, मग एकच करा, पासपोर्टवर जे छापलंय तेच टाका, एक अक्षर इकडचं तिकडे नको.

ह्याचा बालवाडीचा फॉर्म मी भरला होता. आता हा मला शिकवणार. चहा न देता घालवला. नंतर लक्षात आलं, दूधच नव्हतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार
पासपोर्टचे फोटो आले. जावयाच्या पासपोर्टवर नुसतं विबोवो. पुढे मागे काही नाही. मला वाटलं पान कापलं गेलं. प्रितीला फोन लावला. ती म्हणाली, जावामध्ये पुष्कळांना एकच नाव असतं पप्पा, आडनाव नसतंच. लग्नातच सांगितलं होतं की. सांगितलं असेल. मला वाटलं होतं पोरगा लाजतोय.

पोरीच्या पासपोर्टवर किराना प्रमेस्वरी. त्यातलं प्रमेस्वरीही आडनाव नाही म्हणे. दोन्ही तिचीच नावं. बापाचं कुठेच नाही. आधीच बाजूच्या कमलताई विचारतात, नातीला काय वाण्याच्या दुकानाचं नाव ठेवलं का हो.

ऑफिसात असा अर्ज आला की मी शिक्का मारायचो: नाव अपूर्ण, वडिलांचे नाव व आडनावासह पुन्हा सादर करावे. किती जणांना परत पाठवलं असेल. आता माझ्याच घरातून असा अर्ज जाणार? चौतीस वर्षांच्या नोकरीला काळिमा.

१ नोव्हेंबर, शनिवार
नातीचा फोटो. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, ठराविक आकार. प्रितीने अकरा पाठवले. नऊमध्ये झोपलेली, एकात विबोवोचा हात. उरलेला चालवला.

फॉर्ममध्ये शरीरावरची खूण विचारतात. फोटोत डाव्या गालावर काळा ठिपका आहे. लिहिलं. खूण असलेली बरी.

साखर बंदच आहे. चहातली सोडून.

४ नोव्हेंबर, मंगळवार, पहाटे ५
सुचलं! आडनाव काय आकाशातून पडतं का? आपल्याकडे गावावरूनच पडलं. दापोलीचा दापोलीकर, गुहागरचा गुहागरकर. प्रितीला विचारलं, जावयाचं गाव कुठलं. तेमांगुंग. बोरोबुदूरच्या स्तूपापासून तासाभरावर. बौद्ध वस्तीचं आहे, म्हणून तर मी लग्नाला हो म्हटलं. वडिलांचं नाव विचारलं. सुगियोनो. कशाला पाहिजे म्हणाली. म्हटलं, फॉर्ममध्ये रकाना आहे. खोटं नाही, आहेच.

तर: विबोवो सुगियोनो तेमांगुंगकर.
किराना विबोवो तेमांगुंगकर.

मोठ्याने म्हणून बघितलं. भारदस्त वाटतं. लग्नाला दोन वर्षं झाली, पोरगा बिनआडनावाचा फिरतोय आणि कोणाला पडलेली नाही. चंपाला सांगायला स्वयंपाकघरापर्यंत गेलो. पाणी पिऊन आलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
फॉर्म भरताना वेबसाइट तीनदा झोपली. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. मला कंटाळा आला नाही. आडनावाच्या रकान्याखाली लिहिलंय, पासपोर्टप्रमाणेच भरावे. ह्या सूचना सर्वसाधारण लोकांसाठी असतात. बाकीचे रकाने सवयीने भरले. दुपारी सबमिट.

जेवलो का ते आठवत नाही. भांडं घासलेलं आहे म्हणजे जेवलो असणार.

कपाट: फॉर्मच्या गडबडीत राहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
आला! दोघांचाही. GRANTED, मोठ्या अक्षरांत. तेवढाच शब्द कापून प्रितीला पाठवला. ती म्हणाली, वा पप्पा, आता पूर्ण पीडीएफ पाठवा. निघायच्या दिवशी पाठवतो म्हटलं. आधी पाठवलं की लोक हरवतात. हिने एकदा आधार कार्ड हरवलं होतं.

अजितला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं. दाखवा म्हणाला. कागद फाइलला लागले म्हटलं. पेढे मात्र दिले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
विहाराचा हॉल ठरला. बौद्धाचार्यांना सांगितलं. कमलताईंनी पाळणा दिला, दाराशी उभा केलाय. वाटेत येतो. येऊ दे.

व्हिसा झाल्यापासून सकाळी काही नसतं. वही उघडून विबोवोच्या तक्त्यात तुर्कस्तान वाढवलं.

कपाट उघडलं होतं. लावून टाकलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ८
आज निघतायत. दोन्ही पीडीएफ पाठवले, भरलेल्या अर्जांसकट. खाली लिहिलं, काम चोख, काळजी नसावी.

त्याच दिवशी, सकाळी १०.२०
प्रितीचा फोन, विमानतळावरून. काउंटरवाली म्हणते पासपोर्टवरचा माणूस वेगळा आणि व्हिसावरचा वेगळा. प्रिती मोठ्याने विचारत होती, पप्पा, तेमांगुंगकर कोण? समजावून सांगितलं. मागे नात रडत होती.

घाबरायचं कारण नाही. यावर उपाय आहे.

त्याच दिवशी, दुपारी
दादरला नोटरीकडे धावलो. स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र: विबोवो आणि विबोवो सुगियोनो तेमांगुंगकर हे दोन्ही इसम एकच आहेत. सही, शिक्का, तिकीट. आपल्याकडे याच्यावर रेशन कार्ड बदलतं, बँका पैसे देतात. फोटो काढून पाठवला. काउंटरवालीने वाचला म्हणे. छान आहे म्हणाली. विमान गेलं.

नोटरीने मला पाणी दिलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अजित म्हणाला, नव्याने भरलं तर तीन-चार दिवस जाणार, २३ गाठणार नाही. विबोवोची सुट्टी रविवारपर्यंतच. पोर अंगावर पिते, प्रिती तिला टाकून येणार कशी. म्हणजे नाहीच. एकच नाव असणाऱ्यांची सोय त्या फॉर्ममध्येच होती, हेही अजितने सांगितलं. जखमेवर मीठ. दार उघडून उभा राहिलो, तरी बसून होता. शेवटी त्यानेच खिचडी लावली.

नियमच चुकीचे आहेत. पत्र लिहिणार आहे. मसुदा उद्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
प्रितीचा फोन. भांडायला केला असेल म्हणून तयारीत होतो. भांडली नाही. म्हणाली, गालावरचा ठिपका म्हणजे मी लावलेली तीट होती पप्पा. आणि हसली. मग म्हणाली, आई गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदा काहीतरी मागितलंत, म्हणून फॉर्म दिला. रोज फोनवर मी ठीक आहे एवढंच म्हणता. महिनाभर तुमचा आवाज बरा होता, म्हणून फॉर्म तपासला नाही. चूक माझी पण आहे.

मग म्हणाली, अर्जाचं दुसरं पान आत्ता वाचलं. भारतातली रेफरन्स म्हणून आईचं नाव टाकलंय तुम्ही. आईचा नंबर.

आणि रडायला लागली. खूप रडली.

सवयीने गेलं ते. या घरात कुठलाही कागद असो, संपर्कासाठी चंपा. गॅस, शाळा, लाइट बिल. मी ऑफिसात, फोन ती उचलायची. नंबर चालू आहे, खोटा नाही दिला. मी दर महिन्याला रिचार्ज करतो. कोणाचा महत्त्वाचा फोन आला तर पंचाईत नको म्हणून. प्रितीला हे सगळं नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, हो पप्पा.

पत्राचा मसुदा केला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील, फोटोला फुलं. प्रितीला व्हिडिओवर घेतलं होतं, अजितने मोबाइल धरला. विबोवो पांढरा शर्ट घालून हात जोडून बसला होता, पूर्ण वेळ. येणं रद्द झालं तरी तिकडे त्याने सुट्टी रद्द केली नाही.

मला दोन शब्द बोला म्हणाले. उभा राहिलो. चंपा राजरत्न गमरे, एवढं बोललो. पुढे आलंच नाही. माझी बायको गेली. वर्ष झालं. मला तिची फार आठवण येते. हे तिथे बोलायचं होतं, इथे लिहितोय.

लोक जेवले. भाजी चांगली झाली होती, असं कमलताई म्हणाल्या.

४ डिसेंबर, गुरुवार
प्रितीने फॉर्म स्वतः भरला. फक्त किरानाचा. जानेवारीत दोघी येणार, विबोवोची सुट्टी शिल्लक नाही. एकूण अठरा मिनिटं लागली म्हणे. मला सांगितलं, तुम्ही कशालाही हात लावू नका. फक्त रेफरन्समध्ये आता तुमचं नाव आणि तुमचा नंबर दिलाय. तेवढं लक्ष ठेवा.

ही जबाबदारी मोठी आहे. चौकशीला फोन आला आणि उचलला गेला नाही तर सगळं अडेल. नातीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर कागदावर लिहून टेबलावर ठेवलं. किराना प्रमेस्वरी. एवढंच.

८ डिसेंबर, सोमवार
व्हिसा आला, परस्पर प्रितीच्या मेलवर. चार दिवस मोबाइल जवळ घेऊन बसलो होतो. अंघोळीला जाताना बाहेर स्टुलावर, रिंग फुल. एक लोनवाला आणि दोनदा राँग नंबर.

प्रितीला विचारलं, चौकशीचा फोन मग कधी येतो? ती म्हणाली, येत नाही पप्पा. कोणालाच येत नाही. तो रकाना नुसता भरायचा असतो.

म्हणजे चंपाच्या नंबरवरही आला नसता.