मागाच्या खड्ड्यात बसवलेली पोर

बाई, माझ्या नातीला शाळेनं आठवडाभर घरी बसवलं होतं. आज ती परत गेली आणि मी इतकी खुशीत आहे की घरात कोणी सांगायला उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. दुसरीपर्यंतच शिकले मी, जोडाक्षर आलं की हात अडतो, सांभाळून घ्या. तर झालं असं, तिच्या हेडमास्तरांनी तिच्या मैत्रिणीला उशिरा आली म्हणून भर उन्हात उभं केलं. आमच्या नातबाईंनी मधल्या सुट्टीत हेडमास्तरांच्या स्कूटरची हवा सोडली. एका चाकाची नाही, दोन्हींची. लेक राहते त्या वाडीतल्या ट्रकांच्या धुळीतून बिचारे स्कूटर ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत गेले म्हणे. मी पदर तोंडात कोंबला. पोरीसमोर हसू नये एवढं मला कळतं, पण कळून काय उपयोग.

तुम्ही मला ओळखलं नसेल. गोळीबार चौकामागच्या गल्लीतली, हातमागवाल्याची बायको. माझी लेक तुमच्या चौथीच्या वर्गात होती, दोन वेण्यांतली एक नेहमी सुटलेली. तिनं पाटी घालून बाकावरच्या शेजारणीचं कपाळ फोडलं होतं. ती शेजारीण रोज नाक धरायची आणि म्हणायची, हिच्या अंगाले खळीचा वास येते. आता खळ म्हणजे सुताला लावायची भाताची पेज, शिळी झाली की आंबते, आणि आमचं घरच त्या वासाचं, कपडे कितीही आपटा, जात नाही. पण नाक धरायची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. मी विचारलंच नव्हतं. शाळेतून निरोप आला, पोरगी आठवडाभर पाठवू नका, तसे मी तिला दोन धपाटे घातले आणि चरख्यापुढे बसवलं. बस आता कांड्या भरत. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या त्या, विणकराच्या घरात लेकरांनी नाही भरायच्या तर कोणी भरायच्या? असंच सगळे म्हणायचे, मीही म्हटलं.

आठवडा संपला. सकाळी तिनं आंघोळ केली, फणी आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि पाठ करून बसली. वेणी घालून दे म्हणून. मी म्हटलं, "थांब वं, लग्नसराईची लुगडी होऊ दे." ती उठली आणि फणी कोनाड्यात ठेवून आली. रडली वगैरे नाही. रडली असती तर कदाचित मी पाठवली असती, असं मी मनाला सांगते.

मग एका दुपारी तुम्ही आलात. आमच्या घरचे, पोरीचे वडील, इतवारीच्या बाजारात शेटकडे लुगडी पोचवायला गेले होते, माग रिकामा होता. दारातून तुमची छत्री दिसली आणि मी पोरीला म्हटलं, उतर खड्ड्यात. मागाखाली पाय सोडायला खड्डा असतो ना, त्यात ती अंग चोरून बसली, वरून ताण्याचं सूत. तुम्ही उंबऱ्यातच उभ्या. मी बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. त्या कडाक्याच्या उन्हात तुम्ही चालत आला होता, बाई, आणि मी पाणी विचारलं नाही. पोरगी कुठे विचारलंत, तर मी म्हटलं, उमरेडले गेली, मामाकडं. चरखा मात्र अजून फिरत होता. तिनं सोडून दिलेला, आपल्याआप गरगरत होता, आणि तुम्ही तो थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत होता.

त्यानंतर तुम्ही बोललात ते चांगलं मोठ्यानं. कोपऱ्यात माझी सासू बसली होती, ठार बहिरी, मला वाटलं म्हातारीला ऐकू यावं म्हणून ओरडताहेत. तुम्ही म्हणालात, "तिचं नाव कापलेलं नाही. चूक झाली, शिक्षा झाली, संपलं. आता ती चूक तिच्या डोक्यावर ठेवू नका. आधी तिला पोटभर खाऊ घाला, मग विचारा काय झालं, आणि ती सांगत असताना मधे बोलू नका. मारू नका. बुडालेला अभ्यास गल्लीतल्या एखाद्या मुलीकडून करून घ्या. आणि एकटी पाठवू नका हो, तुम्ही या सोबत. दोघी दारातून आत आलात की वर्गाला कळेल, हिच्यामागे माणूस आहे." मी नुसती हो हो करत होते, डोळे खड्ड्याकडे जाऊ नयेत एवढंच पाहत. तुम्ही गेलात. पोरगी वर आली, केसांत सुताचा भुगा. "माय, बाई गेल्या?" गेल्या म्हटलं. ती चरख्याशी जाऊन बसली. शाळेत काही गेली नाही. पुढे तुमची बदली झाली, आणि दोन-तीन वर्षांनी कोणीतरी सांगितलं, बाई काविळीनं गेल्या. तुमच्या घरी जाऊन यावं वाटलं होतं. कोणतं तोंड घेऊन जाणार?

ती लेक आता वाडीला असते. जावई ट्रकवर आहेत. नातीचं हवेचं प्रकरण घरी आलं तेव्हा मी तिथेच होते. जावयांनी हात उगारला, लेकीनं त्यांचं मनगट धरलं. पोरीपुढे पोह्यांची ताटली ठेवली आणि ती खाऊन झाल्यावर म्हणाली, "आता सांग. मी मधात बोलत नाही." ती नाही बोलली खरी, मीच बोलत होते मधे मधे, तर मला म्हणते, "माय, तू चूप राय न." रोज संध्याकाळी शेजारच्या पोरीकडून वर्गातला अभ्यास आणवला. चौथीत शाळा सुटल्यापासून अक्षरं विसरली, स्वतःला धड वाचता येत नाही, पण शेजारी बसून राहायची. आज सकाळी शिवणकाम बाजूला ठेवून पोरीसोबत गेली. मी काय घरी राहते, मीही मागून गेले आणि खिडकीशी उभी राहिले. हेडमास्तरांना म्हणाली, "चुकलं तिचं, ते माफी मांगते. पण ते दुसरी पोरगी उन्हात चक्कर येऊन पडली असती तं, सर?" हेडमास्तर टेबलावरचे कागद सारखे करत बसले. नातीनं माफी मागितली, वर म्हणाली हवा मी भरून देते. मला तिथेच नाचावंसं वाटलं, बाई.

परतताना लेकीला विचारलं, हे सगळं तुला कोणी शिकवलं. तर म्हणते, "बाईंनी नाही का सांगितलं? मी खड्ड्यात होती न वं. मलेच सांगून राहिल्या होत्या त्या." मी रस्त्यात थांबले. इतकी वर्षं मला वाटलं, तुमचे शब्द वाया गेले. तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हता. मग मी घाबरत विचारलं, माझा राग नाही आला कधी? ती म्हणाली, "राग कायचा? तुले कांड्या लागत होत्या. खायचे वांदे होते घरात."

लागत नव्हत्या, बाई. कांड्या माझी सासू भरायची, तिला दुसरं काम नव्हतं. पण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मागाची खटखट, त्यात आमच्या घरचे बोलत नव्हते, म्हातारीला ऐकू येत नव्हतं. पोरगी घरी बसली आणि पहिल्यांदा माझ्याशी कोणी बोलायला लागलं. वर्गातल्या गमती सांगायची, तुमची नक्कल करायची, पदर खोचून, चष्मा वर सारून. मी पोट धरून हसायचे. लग्न झाल्यापासून मी तशी हसलेच नव्हते. ती परत शाळेत गेली असती तर घरात पुन्हा ती खटखट उरली असती.

लेक आत भाकरी टाकते आहे. आत्ताच तिनं विचारलं, माय, काय लिहून राहिली? मी म्हटलं, काही नाही. हा कागद तिला धड वाचता येणार नाही, पण नातीला येईल, म्हणून तो चुलीत घालीन. लेकीला आमची गरिबीच तेवढी ठाऊक असू दे, असं मला अजूनही वाटतं.