गिरणीच्या आवाजातली आई

तीर्थस्वरूप मामांना तेजस्विनीचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? चांदवडला थंडी पडली असेल, तेव्हा पहाटे मळ्यात जाण्याचा पराक्रम करू नये. इकडे सिडकोत मी आणि बाबा ठीक आहोत. फोनवर सांगायला घेतलं की माझाच आवाज जातो, म्हणून लिहिते.

आई गेल्यापासून बाबांनी खालची पिठाची गिरणी उघडली नव्हती. ते दिवसभर मोबाईलवर आईचा एकच व्हॉइस मेसेज ऐकत बसायचे. बाबा सायखेड्याला गेले असताना तिनं पाठवलेला, चालू गिरणीशेजारी उभं राहून. घरघरीत तिचे शब्द निम्मे बुडालेले. मी पडले इलेक्ट्रॉनिक्सची प्राध्यापिका. म्हटलं, घरघर काढून देते.

मामा, गिरणीच्या घरघरीला आमच्या विषयात ‘व्यापक अर्थानं स्थिर’ म्हणतात. म्हणजे कधीही मोजा, सरासरी तीच. आणि दोन क्षणांच्या आवाजांचं नातं त्या क्षणांमधल्या अंतरावर ठरतं, घड्याळात किती वाजले यावर नाही. असा गोंगाट काढायला चाळणीही तशीच लागते : सोमवारी वागेल तशीच शनिवारी वागणारी, आणि दुप्पट दिलं तर दुप्पटच परत करणारी. (आमच्या सुमनमामी अशाच आहेत. हे कौतुक समजावं.) पण आधी नुसत्या गिरणीचा आवाज हवा. रिकामी गिरणी वेगळीच वाजते, म्हणून शेजारच्या खुर्शीदाबाईंचे गहू मागितले. बाबांनी बऱ्याच दिवसांनी पट्टा चढवला. माझं ध्वनिमुद्रण दर वेळी बिघडायचं (एकदा भंगारवाला ओरडला, एकदा मीच शिंकले), त्यामुळे तेच पीठ पुन्हा पुन्हा दळलं. खुर्शीदाबाई दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, ‘‘बेटी, पोळी तव्यावरून निघत नाही. हे पीठ आहे की पावडर?’’

शेवटी जमलं. घरघर गेली, मागे बारीकशी सळसळ उरली. बाबांना समोर बसवून लावलं. आई स्पष्ट बोलली, ‘‘अहो, गोळी घेतली का? येताना कोथिंबीर आणा!’’ गिरणीवरून आवाज पोचावा म्हणून ती केवढ्यानं ओरडायची! शांत खोलीत तर भांडल्यासारखंच वाटलं. बाबा दचकून उठले आणि खरोखर गोळी शोधू लागले. मी हसले. ते हसले नाहीत.

पुन्हा ऐकून म्हणाले, ‘‘आवाज तिचाच आहे. पण ही उभी कुठंय?’’

मी म्हटलं, ‘‘गिरणीतच. फक्त मागचा गोंगाट काढलाय.’’

‘‘तो नको काढू, बाळा,’’ बाबा म्हणाले. ‘‘गिरणी तिनंच चालू केली होती ना.’’

मी त्यांचा जुना मेसेज होता तसा त्यांना परत दिला. त्यांनी मोबाईल कानाला धरला आणि मला स्वयंपाकघरात जाऊन कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागल्या. (कुकर लावलेलाच नव्हता.)

मामींना नमस्कार. कमरेला शेक घेत जा.

तुमची भाची,
तेजस्विनी

ता. क. : खरं काम राहिलंच. आईनं तुम्हाला पाठवलेले असे मेसेज मोबाईलमध्ये असतील तर पुसू नका. मनोजदादाला सांगून मला पाठवा. जसे असतील तसे.

ता. क. पुन्हा : ‘बाबांसाठी हवेत’ असं लिहिणार होते. पण त्यांच्याकडे त्यांचा आहे. मला तिनं कधी पाठवलाच नाही. मी कायम घरातच, ती जिन्याखालून नुसती हाक मारायची.